वाचक विचारतात : अर्थ पाठ आहे, वापर फसतो

प्रश्न : इंग्रजी वाक्प्रचारांत ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं, ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. पहिल्याचं ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ होतं, मग ‘द बकेट वॉज किक्ड’ का चालत नाही? – नाशिक

उत्तर : वाक्प्रचाराचा अर्थ त्यातल्या शब्दांत वाटून देता येतो का, ते आधी पाहा. ‘स्पिल’कडे फोडणं, ‘बीन्स’कडे गुपित, अशी सरळ वाटणी होते. म्हणून ‘बीन्स’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला आणता येतात. ‘पुल स्ट्रिंग्ज’मध्येही ‘स्ट्रिंग्ज’ म्हणजे ओळखीपाळखी, वशिला. त्यामुळे ‘अ फ्यू स्ट्रिंग्ज वेअर पुल्ड’ बिनधास्त लिहा. ‘बकेट’च्या वाट्याला मात्र काहीच येत नाही. कर्मणी प्रयोग केला की कुणीतरी खरीखुरी बादली लाथाडली, एवढंच उरतं.

अडचण तेवढ्यावर संपत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल महिनाभर ‘ही इज डाइंग’ म्हणता येतं. ‘ही इज किकिंग द बकेट’ कोणी म्हणत नाही, कारण तो वाक्प्रचार शेवटच्या क्षणापुरता आहे. शोकसंदेशात तर तो चुकूनही नको. कुणाच्या वडिलांबद्दल ‘ते खपले’ लिहाल का? तिथे ‘पास्ड अवे’च.

प्रश्न : जोडीचा मराठी वाक्प्रचार मनात धरून इंग्रजी वापरलं तर चालेल? – सोलापूर

उत्तर : ‘टर्न अ ब्लाइंड आय’ला डोळेझाक, ‘स्टॅब इन द बॅक’ला पाठीत खंजीर, इथवर ठीक. पण हातापायांशी आलं की गफलत होते. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे फिरकी घेणं, पाय ओढणं नव्हे. बढतीत आडव्या येणाऱ्या सहकाऱ्याबद्दल ‘ही इज पुलिंग माय लेग’ अशी तक्रार केलीत, तर साहेब हसून सोडून देतील. (आणि ‘माय लेग’च, ‘माय लेग्ज’ केलं की वाक्प्रचार मोडला.) ‘वॉश युअर हँड्स ऑफ’ म्हणजे हात झटकणं, वाहत्या गंगेत हात धुण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘गेट कोल्ड फीट’ म्हणजे ठरलेल्या गोष्टीत ऐनवेळी कच खाणं. साप पाहून हातपाय गार पडले तर तो वापरू नका.

प्रश्न : आमच्या टीममध्ये लंडनचे आणि शिकागोचेही लोक आहेत. ‘लेट्स टेबल धिस’ म्हटल्यावर गोंधळ झाला. – पुणे

उत्तर : होणारच. ब्रिटिश इंग्रजीत याचा अर्थ विषय चर्चेला घेणं, अमेरिकन इंग्रजीत तो बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे लष्करी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले आणि मग लक्षात आलं की दोघांनाही एकच हवं होतं, असं चर्चिल यांनी नोंदवून ठेवलंय. आपल्या कानाला ब्रिटिश अर्थ जवळचा, कारण विधिमंडळात कागदपत्रं ‘पटलावर ठेवली’ जातात. मिश्र बैठकीत हा शब्द टाळाच. ‘लेट्स डिस्कस इट टुडे’ किंवा ‘लेट्स लीव्ह इट टिल मंडे’ म्हणा. ‘मूट पॉइंट’ही त्याच जातीचा : ब्रिटनमध्ये वादाचा मुद्दा, अमेरिकेत बहुधा आता ज्याला अर्थ उरला नाही असा मुद्दा.

प्रश्न : ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ अजून बोलतात का? – रत्नागिरी

उत्तर : कळतं सगळ्यांना, बोलण्यात क्वचित येतं. ‘इट्स पोअरिंग’ पुरेसं आहे. शाळेच्या निबंधांनी मात्र त्याला जिवंत ठेवलंय.

प्रश्न : एखादं रूप ब्रिटिश की अमेरिकन, हे घरबसल्या कसं तपासावं? – ठाणे

उत्तर : गूगलचं एनग्राम व्ह्यूअर फुकट आहे. एखादं रूप छापील पुस्तकांत कधी किती आलं, याचा आलेख ते दाखवतं. ‘स्केलेटन इन द कबर्ड’ आणि ‘स्केलेटन इन द क्लॉझेट’ (दोन्हींचा अर्थ दडवलेलं लाजिरवाणं गुपित) ही रूपं रोमन लिपीत, स्वल्पविराम देऊन टाका. आधी ब्रिटिश इंग्रजीचा संच निवडून आलेख पाहा, मग अमेरिकन. ‘कबर्ड’ ब्रिटिश वळणाचं, ‘क्लॉझेट’ अमेरिकन, हा फरक रेषांवरून दिसतो. सगळं लहान अक्षरांत लिहा, नाहीतर कॅपिटल अक्षरांची रूपं वेगळी मोजली जातात.

तिथे स्वल्पविरामांमधल्या प्रत्येक रूपात जास्तीत जास्त पाचच शब्द चालतात. त्यामुळे ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ (ऐकलेल्यावर पूर्ण विश्वास न ठेवणं) पूर्ण टाकलंत तर हाती काही लागत नाही. शेवटचे पाच शब्द ठेवलेत तर पाककृतींमधलं चिमूटभर मीठही मोजलं जातं! अशा वेळी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात (लर्नर्स डिक्शनरी) पाहिलेलं बरं. तिथे अर्थासमोर ब्रिटिश-अमेरिकन अशी खूण असते. शिवाय एनग्राम छापील पुस्तकं मोजतं, म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत तोंडी रुळलेला वाक्प्रचार तिथे दिसला नाही, तर तो चूक आहे असं समजू नका.