झुकोनं बापाला माफ करायलाच हवं का?

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते, कॉलेजला आहे, नाव छापू नका. मी फॅनफिक्शन लिहिते, म्हणजे आवडत्या सिरीजमधली पात्रं घेऊन आपली गोष्ट, मराठीतच. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही कार्टून सिरीज २००५ ते २००८ मध्ये आलेली, त्यातला झुको माझा सगळ्यात आवडता. तो १३ वर्षांचा असताना त्याच्या बापानं, ओझाईनं, त्याचा चेहरा जाळला आणि वर देशाबाहेर काढलं. माझी गोष्ट सिरीज संपल्यानंतरची आहे, ओझाई तुरुंगात आहे आणि झुको त्याला भेटायला जातो. १४ भाग झालेत. माझ्या दोन मैत्रिणी वाचतात, दोघींचं म्हणणं की शेवटी त्यानं बापाला माफ करायला हवं, नाहीतर तो कडूच राहील, हिलिंग पूर्ण होणार नाही. मी तीनदा तसं लिहिलं आणि तीनदा डिलीट केलं. आता खरं कारणही सांगते. लहानपणी मोठे काका मला पट्ट्यानं मारायचे, घरात सगळ्यांना माहीत होतं. दर गणपतीला ते मुंबईहून येतात आणि आजी म्हणते, ‘पाया पड गो, मोठे आसत ते, झाला ता झाला.’ मी पडते. म्हणून कळत नाही की मी झुकोची गोष्ट लिहितेय की माझी.

उत्तर : दोन्ही लिहितेयस, आणि लिहीत राहा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मैत्रिणी ज्याला हिलिंग म्हणतायत आणि आजी ज्याला ‘झाला ता झाला’ म्हणते त्यात मला फार फरक दिसत नाही बघ, दोन्हीकडे जे काय करायचं ते तूच करायचंस आणि ज्यानं मारलं त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही.

मूळ सिरीजच आठव ना. सूर्यग्रहणाच्या दिवशी झुको बापासमोर उभा राहून तोंडावर सांगतो की एका पोराशी तू जे केलंस ते क्रूर होतं, चूक होतं, आणि निघून जातो. तिथे माफीबिफी काही नाही. माफी येते ती पुढे, झुकोच्या आयरोकाकाच्या तंबूत, आणि तिथे चुकलेला झुको स्वतः आहे. काका उठायची वाट बघत रात्रभर बसून राहतो, सकाळी रडत बोलायला लागतो आणि काका त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच त्याला मिठीत ओढतो. म्हणजे दुखावणारा स्वतः चालत आला, तोंड उघडलं, मग मिळाली माफी. तुझ्या १४ भागांत ओझाईनं एकदा तरी ‘हे मी केलं’ असं म्हटलंय का? नसेल तर झुको माफ काय करणार गं, अजून कबूलच कोणी केलेलं नाहीये.

फॅनफिकमध्ये हर्ट-कम्फर्ट प्रकार किती चालतो ते तुला माहितीच आहे, एकाला लागतं आणि दुसरा त्याची काळजी घेतो. मला हा प्रकार मनापासून आवडतो, कारण मूळ गोष्ट मारामारी दाखवून पुढे पळते आणि फिक लिहिणारी तिथेच थांबते, त्या पोराला रात्री झोप लागली का, पट्टी कोणी बदलली, ताप किती होता, हे सगळं बघते. पण काही फिकमध्ये जखम करणारा हात आणि मलम लावणारा हात एकच असतो आणि तिथे मला भीती वाटते. लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये मार खाणाऱ्या बायकांशी बोलून हे चक्र मांडलंय, आधी ताण साचत जातो, मग मारहाण, मग रडणं, शपथा, गोडीगुलाबी, आणि पुन्हा ताण. म्हणजे गुडघ्यावर बसून रडण्याचा तो सुंदर सीन आहे ना, तो कित्येकदा शेवट नसतोच, तिसरा टप्पा असतो. लिहिणारीनं तिथेच गोष्ट संपवली की वाचणाऱ्या पोरीला वाटतं मिटलं सगळं. पुढचे सहा महिने लिहा ना, त्या माणसाला पुन्हा राग येतो तेव्हा तो काय करतो ते लिहा.

आपल्याकडचं देवापुढचं गाऱ्हाणं तू लहानपणापासून ऐकलंयस. ‘काय चुकला माकला आसात तर माफ कर महाराजा’, आणि मागून सगळे ‘व्हय महाराजा!’ तिथे माफी चुकणारे मागतात, आणि चारचौघांत मागतात. तुझ्या घरात एवढंही झालं नाही, सगळे एकदम पाया पडण्यावरच आले.

एक दशावतार सांगते, मी पोरवयात जत्रेत बघितलेला. त्यात संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरतं आणि नट आयत्या वेळी बोलतात, जुनी पात्रं आणि आपले शब्द, तुझ्यासारखंच. अश्वत्थाम्याला बांधून आणलेलं. भागवतात द्रौपदी म्हणते, याला सोडा, याची आई माझ्यासारखी रडायला नको. द्रौपदी करणाऱ्या नटानं ते लगेच म्हटलं नाही. पेटीवाल्याला हातानं थांबवलं, अश्वत्थाम्यासमोर खाली बसला आणि एकेका मुलाचं नाव घेतलं. प्रतिविंध्य. सुतसोम. श्रुतकर्मा. शतानीक. श्रुतसेन. प्रत्येक नावाला त्याची हनुवटी वर करून, ‘माझ्याकडे बघ.’ मग म्हणाला, सोडा. माझ्या शेजारची म्हातारी पदर तोंडात धरून रडत होती. आणि सोडलं म्हणजे काय, तर डोक्यावरचा मणी काढून घेऊन हाकलला त्याला, जवळ कोणी घेतलं नाही. जीव सोडून देणं वेगळं, नातं पुन्हा जोडणं वेगळं, फिकमध्ये फार वेळा दोन्ही एका मिठीत उरकलेलं असतं.

तर १५ वा भाग असा करून बघ. झुको गजांसमोर बसतो आणि त्या दिवशी काय काय झालं ते सगळं सांगतो, जळल्याच्या वासासकट, आणि ओझाईला ऐकावं लागतं. त्यानंतर झुकोला वाटलं तर करू दे माफ, नाही वाटलं तर उठून जाऊ दे. कडू नाही राहणार तो, त्याच्याकडे मित्र आहेत, आयरो आहे, आयरोचं चहाचं दुकान आहे, माणूस बरा होतो तो अशाच ठिकाणी. आणि त्या गोष्टीत सगळ्यात मायाळू माणूस काका आहे, हे लिहिताना लक्षात आलं होतं का तुझ्या?

घरचं म्हणशील तर यंदा नको पडूस पाया. पण आरतीच्या वेळी सगळ्यांसमोर ठरवू नकोस, आईला आधीच, दोघीच असाल तेव्हा सांग की मी लांबून हात जोडेन, तेवढंच. आणि रात्री झोप उडत असेल, पट्ट्याचा आवाज आठवून धडधडत असेल तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतं, मराठीत बोलतात. १५ वा भाग लिहून झाला की मला पाठव, मी वाचेन.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. छळ करणाऱ्याशीच प्रेम जुळतं अशा फॅनफिक वाचते. मोबाईल काढून घेऊ का? (एक आई, गुहागर)

उत्तर : नका काढून घेऊ, चोरून वाचेल आणि मग तुमच्याशी बोलणारही नाही. २००९ पासून चालू असलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’सारख्या फॅनफिकच्या साइटवर कथेच्या वरच रेटिंग आणि इशारे असतात, किंवा लेखकानं इशारा न देण्याचं निवडलंय असं तरी लिहिलेलं असतं, म्हणजे आत काहीही असू शकतं. ते वाचायची सवय तिला लावा, आणि मॅच्युअर, एक्स्प्लिसिट लिहिलेलं तुझ्या वयाचं नाही हे सरळ सांगा. मग एखाद्या दुपारी आमसुलं वाळत घालताना वगैरे सहज विचारा की त्या मुलीनं त्याला माफ केलं तेव्हा तो काय करत होता. आणि एक कथा तुम्हीही वाचा, कुठली ते तिलाच निवडू दे.