पालवी आली म्हणजे मूळ आलं असं नाही

वाचकांनो, यावेळी पत्रांमध्ये तीन चतुर्थांश पत्रं 'फांदी लावली पण जगली नाही' हीच, त्यामुळे आज फक्त तेवढंच घेतलंय.

ताई, शेजारच्या काकूंकडून जास्वंदाच्या चार फांद्या आणून शेणखत घातलेल्या मातीत लावल्या, सकाळ संध्याकाळ पाणी घातलं, आठ दिवसात मस्त पालवी फुटली म्हणून मी सगळ्यांना फोटो पण पाठवले आणि पंधराव्या दिवशी चारही काळ्या! उपटून बघितलं तर मूळ एकही नाही. काय चुकलं? (सातारा)

फोटोची घाई झाली बघा. अहो टोपलीतल्या बटाट्याला पण मोड येतात की, त्याला कुठं मूळ असतं? फांदीत आधीचं अन्न साठलेलं असतं त्यावरच ती पहिली पालवी येते, आणि मग ती पानं वरून पाणी उडवत बसतात पण खाली प्यायला तोंडच नाही, म्हणून माना टाकतात. त्यात तुम्ही शेणखत आणि दोन वेळा पाणी. ताज्या कापलेल्या जागेला ते दोन्ही नको असतं, बुड कुजतं आणि काळं वर चढत जातं.

आता परत लावा. फांदी पेन्सिलीएवढी जाड घ्या, शेंड्याची लुसलुशीत नको आणि जून खोडही नको, सहा ते आठ इंच लांब, चार तरी डोळे (पान फुटतं त्या गाठी) हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ, म्हणजे उलटी लावायची भीती नाही (हसू नका, मी लावलीये). मुळं खालच्याच टोकाला येतात, उलटी लावली की बसा वाट बघत. खालची पानं सगळी काढा, वर दोन ठेवा आणि ती पण कात्रीने अर्धी करा. जीव होत नाही, माहितीये, तरी करा.

मातीऐवजी धुतलेली वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं. कोकोपीट भिजवून मुठीत घट्ट आवळायचं, बोटातून एखाद दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त ओलं, थोडं सुकू द्या. खत शून्य. दह्याच्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात भरा, आधी पेन्सिलीने भोक करून मग फांदी सोडा, दोन डोळे आत गेले पाहिजेत, आणि बाजूने दाबा. वरून प्लास्टिकची पिशवी सैल घाला म्हणजे आतली दमट हवा टिकते आणि पानांचं पाणी उडत नाही. दिवसातून एकदा पिशवी उघडून हवा द्यायची. ऊन अजिबात नको पण उजेड हवा, माझ्याकडे बाथरूमच्या खिडकीतली जागा सगळ्यात भारी ठरलीये. पाणी वरचा थर सुकल्यावरच.

जास्वंदाला चार ते सहा आठवडे धरून चाला. तोवर उपटून बघायचं नाही, नुकतं फुटलेलं मूळ केसासारखं असतं, एका ओढीत तुटतं. फारच राहवत नसेल तर पारदर्शक ग्लासात लावा आणि भोवती कागद गुंडाळा, कागद काढला की कडेला पांढरी मुळं दिसतात.

रीलमध्ये कुणी दालचिनी सांगतं, कुणी कोरफड, कुणी मध, एकाने तर गुलाबाची फांदी बटाट्यात खुपसली! खरं काय? बुकेमधला गुलाब लावता येईल का? (ठाणे)

बटाटा भाजीत घाला. फांदीसकट सडतो आणि चिलटं होतात. दालचिनीने बुरशी जरा आटोक्यात राहते पण तिने मुळं फुटत नाहीत. कोरफडीचा गर मी सहा फांद्यांना लावला, सहा कोरड्या ठेवल्या, मला तरी फरक दिसला नाही. खरं काम करते ती नर्सरीत मिळणारी रूटिंग पावडर, त्यात बहुतेक आयबीए असतं, झाडाच्या स्वतःच्या मुळं फोडणाऱ्या द्रव्यासारखंच. चिमूटभर कागदावर काढून त्यात बुड टेकवा, जास्तीची झटका, ओली फांदी डायरेक्ट पुडीत बुडवली तर उरलेली पुडी वाया. जास्वंद, शेवगा, मनीप्लांट यांना तीही लागत नाही.

बुकेचं म्हणाल तर ती फुलं कित्येक दिवस कोल्ड स्टोरेजमधून फिरून आलेली असतात, जगलीच तर तुमचं नशीब. आणि नर्सरीतले मोठ्या फुलांचे गुलाब बहुतेक जंगली खुंटावर डोळा भरून केलेले असतात, म्हणजे खाली मुळासकट जंगली गुलाब आणि त्याच्या सालीत बसवलेला चांगल्या गुलाबाचा डोळा, स्वतःच्या मुळावर ते तेवढा जोर धरतीलच असं नाही. त्यापेक्षा कुणाच्या दारात गुलकंदाचा गावठी गुलाब असेल तर पावसाळ्यानंतरच्या छाटणीच्या काड्या मागून आणा, त्या चटकन धरतात.

मनीप्लांट बाटलीत वर्षभर होता, हातभर मुळं होती, कुंडीत लावला आणि पिवळा पडला. (बेळगाव)

पाण्यातली मुळं पाण्यालाच सरावलेली असतात हो. दोन इंच झाली की लगेच हलवायचं, पहिला आठवडा माती ओलसर ठेवायची, मग हळूहळू कमी. नाहीतर राहू दे बाटलीतच, आठवड्याला पाणी बदला. आणि नुसतं पान लावू नका, गाठ सोबत हवी, बिनगाठीच्या पानाला फार तर मुळं येतील, वेल नाही.

बाजारातल्या कढीपत्त्याच्या काड्या दहा वेळा लावल्या, एकही नाही लागली. (नाशिक)

लागणारच नाही, कारण ती फांदी नाहीच! जुडीतली काडी म्हणजे बहुतेक वेळा एकच अख्खं पान असतं, बाजूची छोटी पानं त्याच पानाचे भाग. त्या काडीवर डोळाच नाही तर कोंब कुठून येणार? ज्यांच्याकडे झाड आहे त्यांच्या झाडाच्या बुडाशी मुळातून फुटलेली पिल्लं असतात, पावसाळ्यात मुळासकट एक खणून आणा. किंवा पिकलेली काळी फळं घ्या, गर धुवून लगेच पेरा, वाळवून डबीत ठेवलेली बी उगवत नाही.