हॉजकिन्स बरा होऊन 16 वर्षं झाली आणि आता दम लागतोय: ईसीजीवर थांबू नका

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. भावाला 22व्या वर्षी हॉजकिन्स लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर), एबीव्हीडी या केमोच्या 6 सायकल, वर छातीला शेक, म्हणजे रेडिएशन. आता 38व्या वर्षी दोन जिने चढले की दम लागतो. ईसीजी नॉर्मल आला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्यात. माझं स्पष्ट मत सांगतो, या गोळ्यांवर दिवस काढू नका. याच आठवड्यात कार्डिओलॉजिस्टना दाखवा. छातीत दडपण, दरदरून घाम किंवा चक्कर आली, तर अपॉइंटमेंट वगैरे न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

एबीव्हीडीतला ‘ए’ म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, ते लाल औषध. ते हृदयाच्या स्नायूंच्या पेशी मारतं, आणि त्या पेशी पुन्हा फारशा तयार होत नाहीत. नेहमीच्या मात्रेत 6 सायकलमध्ये ते शरीराच्या दर चौरस मीटरला 300 मिलिग्रॅम जातं. लहानपणी किंवा तरुणपणी उपचार झालेल्यांसाठी 250 च्या पुढे जास्त धोका धरतात. छातीला शेकही मिळाला असेल तर त्याहून कमी मात्राही धोक्याला पुरते. शेकाचं नुकसान वेगळं असतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, झडपा जाड होतात, त्यांत कॅल्शियम साठतं. हे सगळं बहुतेकदा 10-20 वर्षांनी दिसायला लागतं, आणि तुमचा भाऊ आता नेमका त्याच टप्प्यावर आहे.

नेदरलँड्समध्ये 1965 ते 1995 दरम्यान उपचार झालेल्या अडीच हजार हॉजकिन्स रुग्णांचा अभ्यास झालाय. उपचारांनंतरच्या 40 वर्षांत त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांना हृदयविकार झाल्याचा हिशेब त्यात निघाला. पण हा आकडा भावाला लावून रात्र जागवू नका. तेव्हा शेकाचं क्षेत्र मोठं असायचं आणि मात्राही बऱ्याचदा 40 ग्रेच्या आसपास (ग्रे म्हणजे शेक मोजायचं एकक). पुढे दोन्ही कमी होत गेलं.

ईसीजीत झडपा दिसत नाहीत आणि हृदयाची पंपिंगची ताकदही कळत नाही. त्यासाठी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागते. जमत असेल तर स्ट्रेनसकट करा (हृदयाचा स्नायू किती आकसतो त्याचं मोजमाप), कारण इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा, खाली येण्याआधी स्ट्रेन बिघडलेला दिसू शकतो. पुढे स्ट्रेस टेस्ट की सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन), ते डॉक्टर ठरवतील. छातीला शेक मिळालेल्या काहींना वाहिनी अरुंद होऊनही छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो. म्हणून ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ हे ऐकून परत येऊ नका. सोबत बीपी, शुगर, लिपिड आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा. गळ्याजवळ शेक मिळाला असेल तर थायरॉइड मंदावू शकतं आणि त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाताना जुनी फाइल न्या. नव्या डॉक्टरांनी ‘आधी काही आजार?’ असं विचारलं की आपण ‘कॅन्सर होता, बरा झाला’ एवढंच सांगतो. त्यांच्या कागदावर ‘लिम्फोमा, बरा’ एवढंच उमटतं आणि समोर फक्त 38 वर्षांचा तरुण माणूस दिसतो. माझी स्वतःची आर-चॉप झालीय, लिम्फोमाचीच दुसरी केमो, तिच्यातही अ‍ॅड्रियामायसिन असतं. मी एक कागद लॅमिनेट करून पाकिटात ठेवतो: अ‍ॅड्रियामायसिनची एकूण मात्रा, शेक कुठे आणि किती ग्रे, शेवटच्या उपचाराची तारीख, मागच्या इकोचा आकडा. कुठलाही नवा डॉक्टर भेटला की बोलायच्या आधी तो कागद पुढे करतो. फाइल हरवली असेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जुन्या केस नंबरवर समरी मागा. रेडिएशनची समरी वेगळी मागावी लागते, ती विसरू नका. लहानपणी उपचार झालेल्यांसाठी परळच्या टाटात 1991 पासून वेगळं क्लिनिक आहे. मोठेपणी उपचार झालेल्यांना मात्र पाच वर्षं झाली की बऱ्याच वेळा कुणी बोलावत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इकोत काही निघालं तरी घाबरून जाऊ नका. पंपिंग कमी झालं असेल तर औषधं आहेत, आणि ती लवकर सुरू झाली तर जास्त उपयोग होतो. ऑपरेशनचा विषय निघालाच तर छातीला शेक झालाय हे सर्जनना आधी सांगा, कारण आतले व्रण त्यांचं काम अवघड करतात. तोवर भावाला जिममध्ये वजनं उचलू देऊ नका, आणि सिगारेट असेल तर ती आजच बंद.