केमोच्या आधी पेट-सीटी झाला, आता तीन सायकलनंतर परत कशाला?

दादा, पेट-सीटी म्हणजे किंचित किरणोत्सर्गी साखर टोचून ती शरीरात कुठे जास्त खेचली जाते ते दाखवणारा स्कॅन. आईचा पहिला स्कॅन कॅन्सरची गाठ स्तनातच आहे की काखेतल्या गाठी, हाडं, लिव्हर, फुप्फुसापर्यंत गेली हे बघायला होता, स्टेज ठरवायला त्याची मदत होते आणि आधी केमो की आधी ऑपरेशन हे ठरवायला पण. आता दुसरा आहे तो औषध लागू पडून राहिलं का ते बघायला. गाठीचा आकार कमी व्हायला वेळ लागतो पण तिची साखर खेचायची भूक आधी कमी होते, रिपोर्टमधे एसयूव्ही म्हणून आकडा असतो तो तेच सांगतो, समजा ९ चा ३ झाला तर चांगलंच आहे. पण एकट्या आकड्यावर घाबरू नका न, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर हाडांतली मज्जा पण स्कॅनमधे चमकते, ते डॉक्टरला आठवणीने सांगा.

जमलं तर त्याच मशीनवर करा म्हणजे तुलना बरोबर होते, जामठ्याला (नागपूरजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलला) केला असेल तर जामठ्यालाच, आणि जुनी सीडी सोबत न्या, नुसता कागद नाही.

सकाळी तर्री पोहे, चहा काही नाही, किमान ४ ते ६ तास उपाशी, साधं पाणी चालते. शुगर २०० च्या खाली पाहिजे, आईला डायबेटीस असेल तर गोळी-इन्सुलिनचं आधीच विचारून घ्या. स्कॅनच्या साखरेच्या इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं असते.

आणि हो, सुरुवातीच्या स्टेजला काही त्रास नसताना हा स्कॅन सगळ्यांना लागत नाही, उगाच खर्च करू नये.