मी सुटले, ती तिथेच राहिली

नायजेरियातल्या लागोसमध्ये समुपदेशन करतेय त्याला नऊ वर्षं झाली आणि मोठ्या बहिणींकडून एकच प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आज लिहितेच. "मी घरातून सुटले, धाकटी तिथेच राहिली, ती मला माफ करेल का?" (तपशील अर्थातच बदललेत.)

ही इथल्या इग्बो समाजातल्या घरातली थोरली. थोरल्या लेकीला ते आडा म्हणतात, मान मोठा आणि भार त्याहून मोठा, आपल्या ताईसारखंच. वडील मारायचे, आई म्हणायची घरातलं घरात राहू दे, चर्चमध्ये सांगितलं तर उत्तर मिळालं प्रार्थना कर. 19व्या वर्षी ही एनुगूहून लागोसला आली आणि तेव्हापासून दर महिन्याला धाकटीची फी भरतेय. धाकटी पैसे घ्यायची, फोन उचलायची नाही.

"मी तिच्यासाठी काहीच केलं नाही," हे प्रत्येक वेळी. चार महिन्यांनी म्हटलं, तिलाच घेऊन ये.

दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या. बऱ्याच वेळाने धाकटी बोलली, "जनरेटर बंद झाला की बाबांची पावलं ऐकू यायची. तू माझा एक कान दाबून दुसऱ्या कानात सातचा पाढा म्हणायचीस."

थोरलीला हे आठवतच नव्हतं!

"मग राग कशाचा?"

"तू गेल्यावर पाढा कोण म्हणत होतं, हे एकदाही विचारलं नाहीस. नुसते पैसे पाठवलेस."

मी एकटं माणूस बघत नाही, अख्खं घर बघते, आणि त्या दिवशी ते कामी आलं याचं समाधान आहे. गुन्हा वडिलांचा, पण हिशोब मात्र बहिणी एकमेकींशी करत बसतात.

तर ताईंनो, पैसे पाठवा, पण प्रायश्चित्त म्हणून नको. माफी मागायच्या आधी विचारा, मी गेल्यावर काय झालं? आणि ती सांगत असताना स्वतःची बाजू मांडू नका, फार अवघड जातं ते, तरी नका. बहीण अजून त्याच घरात असेल तर आधी तिला बाहेर काढा, रुसवेफुगवे नंतर. लागोस राज्यात घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2007 पासून कायदा आहे, राज्याची वेगळी एजन्सी आहे, लैंगिक अत्याचार असेल तर इकेजाचं मिराबेल सेंटर 2013 पासून मोफत मदत करतंय. देशाचा 2015चा हिंसाचारविरोधी कायदा मात्र थेट राजधानी अबुजापुरताच, बाकी राज्यांनी आपापला करायचा, म्हणून घर कुठल्या राज्यात आहे ते आधी बघा.

परवा थोरलीचा मेसेज आला. धाकटी राहायला आलीय. रात्री लाइट गेली, जनरेटर लावला, आणि बंद करायला उठली तर धाकटी म्हणाली, "थांब, मी तुझ्याजवळ येऊन बसते, मग बंद कर."