लॅमिनेटेड पात्याच्या सुरीला दुप्पट पैसे मोजावेत का?

तुमच्यासमोर दोन सुऱ्या आहेत. एक व्हीजी-१० पोलादाची साधी, दुसरी लॅमिनेटेड, म्हणजे त्याच पोलादाच्या गाभ्यावर ६७ थरांचं नक्षीदार पातं असलेली, दुप्पट किमतीची. साधी घ्या. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण 'जितके थर तितकी धार' हे आमच्या मेहुण्यांचं लाडकं वाक्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कापतो तो गाभा. बाहेरचे थर धारेपर्यंत पोचतच नाहीत. धारेच्या काही मिलिमीटर वर नागमोडी रेष दिसते ना, तिथे ते संपतात. आत कडक 'हागाने', बाहेर मऊ 'जिगाने', अशी ही जपानी विभागणी. आपले लोहार कुऱ्हाडीच्या लोखंडी अंगाला तोंडापुरतं पोलाद बसवत, तोच हिशेब. व्हीजी-१० हे जपानमधल्या एचिझेनच्या ताकेफू कंपनीचं पोलाद: कार्बन सुमारे १ टक्का, क्रोमियम १५, कोबाल्ट दीड. नीट पाणी दिलं, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलं, तर ६०-६१ एचआरसी (कडकपणाचं माप). हे पाणी देणं कुठल्या कारखान्याचं चांगलं, यावर धार टिकते. नक्षी बघून ते कळत नाही. शिवाय बहुतेक वेळा थर आधीच जोडून लाटलेला तयार पत्रा येतो, त्यामुळे नक्षी दिसली म्हणजे कुणी घण मारत बसलं होतं असं नाही.

मेहुण्यांच्या २१० मिलिमीटरच्या सुरीचंच घ्या. '६७ थरांना काय होतंय' म्हणत त्यांनी ती नारळाच्या करवंटीवर मारली. टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकापासून, तीन बोटांवर दीड मिलिमीटर खोल कपचा उडाला. मऊ आवरणाने काही वाचवलं नाही, कारण धारेपाशी आवरण नसतंच. धारेच्या लगेच मागे उघडा गाभा जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतो, आणि आडवा झटका बसला की तो वाकत नाही, तुटतो.

दुरुस्ती माझ्याकडे आली. २२० ग्रिटचा (आकडा लहान तितका खरखरीत) दगड भिजवून पातं जवळजवळ उभं धरायचं आणि कपचा नाहीसा होईपर्यंत अख्खी धार घासायची. फक्त खड्ड्यापाशी घासलंत तर धारेला तिथे खळगा पडतो. मग खरी मेहनत. धार दीड मिलिमीटर वर सरकल्याने तिच्यामागचा भाग जाड झालेला असतो, म्हणून पातं जवळजवळ आडवं ठेवून दोन्ही गाल, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू, उतरवायचे. लॅमिनेटेडचा फायदा असलाच तर इथे. आवरण भराभर झिजतं, तेवढंच कडक अखंड पातं असतं तर मनगट गेलं असतं. मात्र मऊ धातूने दगड भरतो, सारखं पाणी मारावं लागतं. शेवटी १००० ग्रिटवर १५ अंशांत बर (धारेवर वळणारी धातूची बारीक कोर) येईपर्यंत, मग ३०००, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर बर काढायची. पाऊण तास गाल उतरवण्यातच गेला, आणि त्यात ज्या नक्षीचे पैसे मोजले होते तीच धारेकडून दोन बोटं पुसली गेली. फेरिक क्लोराइड हे धातू खाणारं रसायन लावलं की खरी नक्षी परत उठते, छापील असेल तर कायमची गेली. सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे हे काम देऊ नका. कोरड्या चाकावर धार निळी पडली की तिथलं पाणी उतरलं.

दुकानात बघायचं ते एवढंच: नक्षी थेट धारेपर्यंत गेलीय आणि मध्ये रेष नाही, तर बहुधा छापील. रेष एका गालावर धारेला टेकलेली आणि दुसऱ्यावर खूप वर असेल तर गाभा मध्यावर नाही, चार वेळा धार लावल्यावर एका बाजूला आवरणच धारेत येईल. गाभ्याच्या पोलादाचं नाव सांगत नसतील तर सोडून द्या.

पैसे वसूल होतात ते आओगामी किंवा शिरोगामी या कार्बन पोलादाच्या गाभ्यावर स्टेनलेस आवरण असेल तेव्हा. दगडावर चटकन धार येते आणि गंजाची काळजी धारेच्या पट्टीपुरतीच उरते. घरी लिंबाचा थेंब लावून बघा: गाभा काळा पडतो, आवरण नाही. आवरणही लोखंडाचंच असेल तर आधी तेच गंजतं, आणि कैरी-कांदा चिरला की फोडी काळ्या होतात. लाकूडकामाला मोरा या स्वीडिश कंपनीची १२० नंबरची लॅमिनेटेड सुरी डोळे मिटून घ्या.

हो, एक राहिलं. मऊ आवरणावर चरे लवकर पडतात आणि पातं वाकलं तर वाकलेलंच राहतं, अर्थात हाताने सरळही करता येतं. आणि घरात सगळेच सुरी वापरणार असतील तर व्हीजी-१० चीही गरज नाही, ५६ एचआरसीची जर्मन पद्धतीची सुरी घ्या. तिची धार वळते, तुटत नाही. करवंटीला कोयता आहेच. मेहुण्यांना गेल्या दिवाळीत तोच दिलाय.