‘सजेस्ट’च्या पुढे काय येतं?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेलं अर्जाचं पत्र वाचलं. मुद्दे नेमके आहेत, भाषाही नम्र आहे. फक्त ‘सजेस्ट’ हा शब्द दोन जागी अडखळलाय. एकदा ‘प्लीज सजेस्ट मी अ सुटेबल कोर्स’ आणि खाली ‘आय वॉज सजेस्टेड टू अप्लाय’. या शब्दाचा अर्थ तुला माहीत आहे, सुचवणे. पण अर्थ पाठ झाला म्हणून शब्द वापरता येतोच असं नाही. त्याच्या मागून कोणती रचना येते, हे कळलं की काम होतं. म्हणून आज या एकाच शब्दावर सविस्तर लिहितोय.

आधी चूक कुठून येते ते बघ. मराठीत आपण ‘मला एखादा कोर्स सुचवा’ म्हणतो, त्यामुळे ‘सुचवा’च्या जोडीला ‘मला’ हवंच असं वाटतं. त्यात इंग्रजीतली ‘टेल मी’, ‘आस्क मी’, ‘ॲडव्हाइझ मी’ ही वाक्यं कानावर असतात. ‘सजेस्ट’ मात्र त्या घरातलं नाही. त्याचं कर्म म्हणजे सुचवलेली गोष्ट. ज्याला सुचवलं तो माणूस कर्म होत नाही. म्हणून ‘कुड यू सजेस्ट अ सुटेबल कोर्स?’ एवढंच लिही. कुणाला सुचवायचंय हे समोरच्याला कळतंच. माणसाचा उल्लेख करायचाच असेल तर ‘टू’ लावावा लागतो: ‘शी सजेस्टेड अ न्यू टायटल टू द एडिटर.’

तुझी दुसरी चूक याच मुळातून आलीय. माणूस कर्मच नसेल, तर कर्मणी प्रयोगात तो कर्त्याच्या जागी कसा बसेल? ‘आय वॉज ॲडव्हाइझ्ड टू अप्लाय’ चालतं, कारण ‘ॲडव्हाइझ’ माणसाला कर्म म्हणून घेतं. ‘सजेस्ट’ ठेवायचंच असेल तर ‘इट वॉज सजेस्टेड दॅट आय अप्लाय’ लिहावं लागेल. तुझ्या पत्रात ‘ॲडव्हाइझ’च जास्त सहज वाटेल.

आता बरोबर रचना. पहिली सोपी, थेट नाम: ‘सजेस्ट अ डेट’, ‘सजेस्ट अ चेंज’. दुसरीत क्रियापदाला ‘इंग’ लागतं: ‘आय सजेस्ट टेकिंग द ट्रेन.’ इथे ‘सजेस्ट टू टेक’ कधीही नाही. ‘इंग’वाल्या वाक्यात ट्रेनने कोण जाणार हे उघड सांगितलेलं नसतं, बोलणाराही त्यात असू शकतो. फक्त समोरच्याने जावं असं म्हणायचं असेल तर ‘आय सजेस्ट यू टेक द ट्रेन’.

तिसरी रचना ‘दॅट’ची. इथे जरा थांब, कारण या शब्दाची खरी गंमत इथेच आहे. ही दोन वाक्यं शेजारी ठेव:

‘ही सजेस्टेड दॅट शी वर्क लेट.’
‘ही सजेस्टेड दॅट शी वर्क्ड लेट.’

पहिल्याचा अर्थ, तिने उशिरापर्यंत काम करावं असं त्याने सुचवलं. दुसऱ्याचा अर्थ सहसा असा की ती उशिरापर्यंत काम करत असे, असं त्याने सूचित केलं. पहिल्यात सूचना आहे, दुसऱ्यात माहितीकडे बोट. सूचना असेल तेव्हा क्रियापद मूळ रूपातच राहतं: कर्ता ‘शी’ असो वा ‘दे’, काळ कोणताही असो, त्याला ‘एस’ लागत नाही की ‘ईडी’ लागत नाही. ‘बी’सुद्धा तसाच राहतो: ‘दे सजेस्टेड दॅट ही बी इन्व्हायटेड.’ नकार हवा असेल तर क्रियापदाआधी नुसता ‘नॉट’: ‘आय सजेस्टेड दॅट ही नॉट साइन इट.’ ब्रिटिश वळणात ‘दॅट ही शुड साइन’ असंही लिहितात आणि तेही बरोबर आहे. तिथे बोलण्यात कधी सूचनेसाठीही ‘साइन्स’ किंवा ‘साइन्ड’ ऐकू येईल. तू औपचारिक लेखनात मूळ रूप किंवा ‘शुड’ यांपैकी एक धर.

‘सूचित करणे’ हा दुसरा अर्थ वाचताना फार भेटतो. ‘द डेटा सजेस्ट्स दॅट सेल्स आर फॉलिंग’ यात डेटा कुणाला सल्ला देत नाही, तो एका शक्यतेकडे निर्देश करतो. ‘प्रूव्ह’ किंवा ‘शो’ इतका ठामपणा त्यात नसतो. संशोधक हा शब्द म्हणूनच जपून निवडतात. त्याचं भाषांतर ‘सिद्ध होतं’ असं केलंस तर मूळ लेखकाने न केलेला दावा त्याच्या तोंडी जाईल.

जवळच्या शब्दांत वजनाचा फरक आहे. ‘सजेस्ट’ सर्वांत हलकं, ऐकलं तर ऐकलं. ‘रेकमेंड’मध्ये ती गोष्ट चांगली असल्याची खात्री डोकावते. ‘ॲडव्हाइझ’मध्ये जाणकाराचा अधिकार असतो. ‘प्रपोझ’ औपचारिक; ज्यावर निर्णय घ्यायचाय अशा प्रस्तावासाठी. मात्र ‘आय सजेस्ट यू लीव्ह नाउ’सारखं वाक्य करड्या सुरात आलं तर तो जवळजवळ हुकूमच होतो. वरिष्ठांना लिहिताना ‘मे आय सजेस्ट’ असं सुरू कर.

नाम ‘सजेशन’. ते मोजता येतं, ‘ॲडव्हाइस’ येत नाही. म्हणून ‘टू सजेशन्स’ बरोबर, ‘टू ॲडव्हायसेस’ चूक. सूचना करणे याला ‘मेक अ सजेशन’ म्हणतात. ‘सजेस्टिव्ह’ या विशेषणापासून जरा सांभाळून, कारण त्याला बहुतेकदा अश्लील सूचकतेची छटा असते. उच्चारात आघात ‘जे’वर. ब्रिटिश ‘सजेस्ट’, अमेरिकन बहुधा ‘सग्जेस्ट’; दोन्ही चालतात. लिहिताना मात्र ‘जी’ दोन.

सराव असा कर. वहीत चार रचनांची प्रत्येकी तीन वाक्यं लिही: नाम, ‘इंग’, ‘दॅट’ने सूचना, ‘दॅट’ने निर्देश. ‘दॅट’च्या पुढे कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ घे. ‘यू टेक’मध्ये मूळ रूप आणि वर्तमानकाळ सारखेच दिसतात, त्यामुळे चूक झाली तरी लक्षात येत नाही, ‘शी टेक’ लिहिताना हात अडतो आणि नियम मुरतो. लिहून झालं की शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी–इंग्रजी कोशात या शब्दाखाली दिलेल्या वाक्यांशी ताडून बघ. ही बारा वाक्यं मला पाठव, सोबत अर्जाचा दुरुस्त मसुदाही. तो पुढे धाडण्याआधी एकदा नजरेखालून घालतो.

सस्नेह,
तुझा शिक्षक